घरातल्या आगगाडीची जागा



आगगाडीला जागा लागते, हे सांगण्यासाठी कोणा इतिहासकाराची आवश्यकता नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, तेव्हा त्या चौतीस किलोमीटरांच्या वाटेसाठी खाजणांत भराव घालावे लागले, खाड्यांवर पूल बांधावे लागले. त्या गाडीचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. मला आज बोलावयाचे आहे ते तिच्या धाकट्या बहिणीविषयी, म्हणजे घरातल्या घरात, चार भिंतींच्या आत धावणाऱ्या छोट्या आगगाडीविषयी. आणि तीतही इंजिने-डब्यांविषयी थोडे, पण त्यांना घरात जागा कशी मिळाली, कोणी दिली आणि कोणी नाकारली, याविषयी अधिक.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. वडिलांनी एका दिवाळीत किल्लीची आगगाडी आणली. पत्र्याचे हिरवे इंजिन, दोन डबे आणि रुळांचे गोल कडे. पुढच्या खोलीत ते कडे मांडले की खाट भिंतीला उभी करावी लागे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उंबऱ्यावरून लांब ढांग टाकावी लागे. दोन दिवस कौतुक झाले. तिसऱ्या दिवशी अंथरुणे घालावयाच्या वेळी आईने वडिलांना विचारले, “अहो, सगळं खरं, पण हे ठेवायचं कुठं?” वडिलांना उत्तर देता आले नाही. पुढे मी या छंदाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आईने विचारलेला प्रश्नच त्या इतिहासाचा कणा आहे. गेली सव्वाशे वर्षे जर्मनीतले कारखानदार, इंग्लंडमधले धर्मगुरू, अमेरिकेतले छायाचित्रकार आणि जपानमधले कारकून त्याच प्रश्नाची उत्तरे शोधीत आले आहेत.

प्रारंभी हा प्रश्न पडला नाही, याचे कारण अगदी साधे. ज्यांच्या घरी असली गाडी होती, त्यांना जागेची वाण नव्हती. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने आपल्या लहान मुलासाठी सें-क्लूच्या राजउद्यानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रूळवाट घालवून घेतली होती; १८५९ सालचे तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. मध्यमवर्गाच्या मुलांना मात्र त्या काळी रूळ मिळत नसत, नुसते इंजिन मिळे. पितळेचे, स्पिरिटवर वाफ करणारे आणि सरळ जमिनीवरून धावणारे. ते वाटेत पाण्याची धार सोडीत जाई, म्हणून इंग्रजीत त्याला ‘ड्रिब्लर’, म्हणजे लाळगळू, असे नाव पडले. गालिचावर डाग आणि उलटले तर पेटत्या स्पिरिटचा धोका. त्या काळच्या गृहिणींनी या इंजिनाचे स्वागत कसे केले असेल, याची कल्पना आपणांस करता येईल.

मग १८९१ साल उजाडले. त्या वर्षी लाइपझिगच्या वसंत जत्रेत गोपिंगेन गावच्या मेर्क्लिन या खेळणी करणाऱ्या कारखान्याने रुळांसकट आगगाडी मांडली. रूळही सुटे, एकमेकांना जोडता येण्याजोगे. आज हे लाकूड, उद्या ते लाकूड असे न करता रुळांतील अंतराची ठरावीक मापे त्यांनी बांधून दिली आणि त्यांना क्रमांक दिले. क्रमांक एकचे रूळ आजच्या मोजणीने ४५ मिलिमीटर अंतराचे. दोन आणि तीन त्याहून रुंद. या घटनेचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सुटे रूळ म्हणजे काढून ठेवता येण्याजोगे रूळ. घर आणि गाडी यांच्यात झालेला हा पहिला तह होय: दिवसा तुमचे, संध्याकाळी आमचे. गाडी पेटीत जाऊन बसू शकली म्हणूनच ती सामान्य घरात येऊ शकली.

मेर्क्लिनने क्रमांक एकला सर्वांत लहान मानले असावे. पण लोकांच्या खोल्यांनी ते मान्य केले नाही. त्याहून लहान, ३२ मिलिमीटरचे माप आले तेव्हा त्याला देण्यास अंकच उरला नाही. म्हणून त्याचे नाव पडले शून्य! पुढे शून्याचेही अर्धे करावे लागले, तेव्हा कोणी त्याला दोन शून्ये म्हटले, तर जर्मनांनी अधिक प्रामाणिकपणे ‘अर्धे शून्य’ म्हटले. एच-ओ हे आज जगभर चालणारे नाव त्यातूनच आले. शून्याचा शोध लावणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही शून्याचे अर्धे करण्याचा हा प्रसंग पाहून मौज वाटली असती.

शतकाच्या आरंभी ज्यांच्याजवळ मोठी घरे होती त्यांना या कपातीची गरज नव्हती. आपल्यापैकी ज्यांनी ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहिला असेल, त्यांना तिथल्या भोजनगृहातली चांदीची आगगाडी आठवत असेल. लांबलचक मेजावर रूळ, त्यावर विजेवर चालणारी गाडी, डब्यांवर शिंदे सरकारांच्या नावातले एकेक इंग्रजी अक्षर आणि डब्यांत मद्याच्या काचपात्रांची जागा. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की पुढे चालू लागे. माधवराव शिंद्यांना आगगाडीचे वेडच होते. त्यांच्या संस्थानातली दोन फुटी लहान रेल्वे २०२० सालापर्यंत ग्वाल्हेरहून धावत होती. असो. सांगावयाचे ते हे, की राजवाड्यातसुद्धा गाडीला कायमची जागा मिळाली ती जेवणाच्या मेजावर. सामान्य माणसाच्या घरीही पुढे तीच मिळावयाची होती. फरक इतकाच, की तिथे जेवणापूर्वी ती उचलावी लागे.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ नावाचे पुस्तक लिहिले. घरात खेळावयाचे तर मोकळी जमीन हवी, असा त्याचा आग्रह होता आणि त्याच्या खेळांत छोटी रेल्वेही होती. ते पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते, की ही ऐसपैस जमीन कोणी तरी झाडून-पुसून ठेवीत असले पाहिजे आणि खेळ संपल्यावर कोणी तरी आवरीतही असले पाहिजे. त्या व्यक्तीचे नाव कोणत्याही रेल्वेच्या इतिहासात सापडत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान झाली, नोकरचाकर कमी झाले आणि जमिनीवरून गाडी उठली ती मेजावर चढली. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन गावी बॅसेट-लोक नावाचे गृहस्थ छोट्या रेल्वेचा व्यापार करीत. हे गृहस्थ स्वतः एका अरुंद चाळवजा रांगेतल्या घरात राहत. ते घर त्यांनी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या विख्यात वास्तुकाराकडून १९१६–१७ मध्ये नव्याने सजवून घेतले, म्हणजे अरुंद घरात जागा कशी काढावी हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. १९२२ च्या सुमारास त्यांनी न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ‘टेबल रेल्वे’ करवून घेतली. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. नावातच तिची जागा सांगून ठेवली होती.

इथे एक चूक घडली. तिचे परिणाम आज शंभर वर्षांनंतरही छांदिष्टांना भोगावे लागत आहेत, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. साडेसोळा मिलिमीटरचे रूळ हे खऱ्या प्रमाणरुंदीच्या रुळांचे बरोबर सत्त्याऐंशीवे हिस्से आहेत. मग गाडीही सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची हवी. युरोपात तसे झाले. पण इंग्लंडमधल्या खऱ्या गाड्याच मुळी अंगाने अरुंद आणि बुटक्या. तिथले बोगदे आणि पूल जुने, लहान मापाचे. अशा बुटक्या इंजिनाचा सत्त्याऐंशीवा हिस्सा केला तर त्याच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा इंग्रजांनी तोड काढली: रूळ होते तेच ठेवावयाचे आणि वरची गाडी थोडी थोराड, फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाची करावयाची. मोटर मावली, गाडी धावली. पण त्या प्रमाणाने पाहता खालचे रूळ चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाचे झाले! धिप्पाड माणसाने लहान मुलाची पादत्राणे घालावीत, तशी ती गाडी दिसू लागली. १९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कारखान्याने ‘हॉर्नबी डब्लो’ याच मापाने बाजारात आणली, ती घरोघर गेली, आणि मग माघार घेणे कोणाच्याच हाती राहिले नाही. पुढे चोखंदळ मंडळींनी बंड केले. कोणी रूळ रुंदावून अठरा मिलिमीटरांवर नेले; १९६० नंतरच्या दशकात तर काहींनी १८.८३ मिलिमीटर हेच एकमेव सत्य, असा पंथ काढला. मिलिमीटराच्या शतांश भागासाठी त्या लोकांनी स्वतःच्या हातांनी घातलेले रूळ उखडून काढले. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला वाटत नाही. जागेसाठी केलेली तडजोड प्रत्येक घरात कुठे तरी असतेच, आणि ती रोज डोळ्यांसमोर असली की टोचते.

आपल्याकडच्या छांदिष्टाची अडचण तर दुहेरी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा एकोणीस मिलिमीटरांहून थोडा अधिक होतो. बाजारात मिळतात ते रूळ साडेसोळाचे. म्हणून डेक्कन क्वीन असो की पंजाब मेल, घरात ती पाय आखडूनच धावते. मुंबई-पुण्याच्या मेट्रोला मात्र तेच रूळ अगदी बरोबर बसतात, कारण मेट्रोचा गेज परदेशी प्रमाणाचा आहे.

आता थोडा हिशेब पाहा. बोरीबंदर ते ठाणे हे चौतीस किलोमीटरांचे अंतर सत्त्याऐंशीव्या प्रमाणात घरात घालावयाचे म्हटले, तर ३९१ मीटर लांबीची खोली हवी. बरे, सगळा मार्ग नको, नुसते एक स्थानक आणि वीस डब्यांची एक गाडी पुरे म्हटले, तरी साडेएकवीस मीटरांहून किंचित आखूड असा आपला जुना डबा त्या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर होतो. वीस डबे म्हणजे जवळजवळ पाच मीटर, आणि इंजिन वेगळेच. मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड इथे १९२० नंतरच्या काळात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत एका कुटुंबाने जन्म, लग्ने आणि मृत्यू उरकले. तिथे ही गाडी कोणत्या भिंतीला उभी करणार? आणि वळणांचे काय? खऱ्या मार्गावरचे चारशे मीटर त्रिज्येचे वळण घरात चार मीटर साठ सेंटिमीटर त्रिज्येचे होईल. त्याऐवजी दुकानात मिळते ते वळण साधारण सदतीस ते चव्वेचाळीस सेंटिमीटरांचे. असले वळण खऱ्या जगात घातले तर एकही मेल गाडी त्यावर तगणार नाही. घरातली आगगाडी ही अशी पदोपदी असत्य बोलते, आणि पाहणाऱ्याने ते असत्य आनंदाने मान्य करावे, एवढ्यासाठीच सगळी कला खर्ची पडते.

गाडी लहान करणे हा एक उपाय. त्याची पुढची पायरी अशी, की १९३५ साली न्यूरेंबर्गच्या ट्रिक्सने आणि मेर्क्लिनने विजेवरच्या मेजी गाड्या बाजारात आणल्या. ट्रिक्सच्या मागे असलेले श्टेफान बिंग हे यहुदी होते. जर्मनीत हिटलरचा अंमल होता. १९३८ साली त्यांना तो कारखाना सोडून द्यावा लागला आणि इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. ज्या घराण्याने आगगाडी लहान करून घरोघरच्या मेजावर बसवली, त्याला स्वतःच्या देशात घर उरले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी लहान मापे आली. बारा मिलिमीटरच्या रुळांची गाडी ‘टेबल टॉप’ या नावाने ओळखली जाई. पूर्व जर्मनीत बर्लिनच्या एका कारखान्याने १९५८ पासून ती काढली आणि तिथल्या सरकारी सदनिकांच्या लहान खोल्यांत ती इतकी रुजली की त्या प्रदेशात आजही तिचा चाहतावर्ग मोठा आहे. १९६० च्या पुढेमागे न्यूरेंबर्गच्याच आर्नोल्ड कारखान्याने नऊ मिलिमीटरचे रूळ काढले आणि त्यांना ‘एन’ हे नाव मिळाले. नऊ या आकड्याचे नाव जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन या सर्व भाषांत ‘न’ने सुरू होते म्हणून. आपल्या ‘नऊ’लाही ते चपखल लागू पडते. मेर्क्लिनने १९७२ साली साडेसहा मिलिमीटरांवर उडी मारली आणि तिला ‘झेड’ हे इंग्रजी वर्णमालेतले शेवटचे अक्षर दिले. क्रमांक एकच्या वेळी जो भ्रम झाला तोच पुन्हा झाला. या शतकात जपान्यांनी तीन मिलिमीटरचे रूळ करून दाखवले. त्या प्रमाणात ठाण्यापर्यंतचा मार्ग सुमारे पंचाहत्तर मीटरांत आटोपतो. पण ते इंजिन पाहण्यास चष्म्यावर चष्मा लागतो, आणि जे दिसत नाही त्यावर प्रेम करणे कठीण.

जपानचा उल्लेख आला म्हणून सांगतो. घरातल्या रेल्वेच्या इतिहासात जागेची टंचाई इतक्या समंजसपणे स्वीकारलेला दुसरा देश मला दिसला नाही. तिथे १९६५ साली कातो कारखान्याने नऊ मिलिमीटरच्या रुळांवरचे पहिले जपानी इंजिन काढले आणि तेच माप राष्ट्रीय झाले. तिथले बहुतेक लोक कायमची मांडणी करीतच नाहीत. खडीचा भराव रुळालाच चिकटवलेला असतो; सुटीच्या दिवशी तातामीवर, म्हणजे चटईच्या जमिनीवर, रूळ जोडावयाचे, दिवसभर गाड्या चालवावयाच्या आणि रात्री अंथरुणे घालण्यापूर्वी सर्व काढून पेटीत ठेवावयाचे. ज्याला मोठ्या मांडणीची हौस आहे तो तासाचे भाडे भरून दुकानातल्या मांडणीवर आपली गाडी नेऊन चालवतो. भुसावळच्या त्या खोलीत आम्ही नकळत तातामीचाच मार्ग चोखाळला होता म्हणावयाचा.

गाडी लहान करण्याऐवजी घरातली पडीक जागा शोधणे, हा दुसरा उपाय. अमेरिकेत घराखाली तळघर असते, इंग्लंडमध्ये छपराखाली पोटमाळा. पोटमाळा उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात शीतपेटी. पाण्याची टाकी मध्येच. आणि वर चढावयास शिडी. वय वाढले की शिडी मालकाला आपल्या रेल्वेपासून तोडते. तळघराची गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात ‘गोर अँड डेफिटेड’ नावाची रेल्वे वीस वर्षे बांधली. नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले तर ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू येते. हा गृहस्थ विनोदी होता. जमिनीपासून छतापर्यंत चढणारे डोंगर, दऱ्यांवरचे पूल, आणि जिथे भिंत आड येईल तिथे आरसा. आरशात रस्ता पुढे गेल्यासारखा दिसे, अर्धे घर पुरे दिसे. जगभरच्या मासिकांत त्याची छायाचित्रे छापून आली. ६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन वारला. मित्रांना ती रेल्वे जतन करावयाची होती. पण अवघ्या दहा दिवसांत त्या घराला आग लागली आणि तिचा बहुतेक भाग जळून गेला. आज उरली आहेत ती छायाचित्रे. घराच्या अंगात इतकी मुरलेली मांडणी घरापासून वेगळी काढता येत नाही, ही गोष्ट त्या आगीपूर्वीही खरी होती.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधले रेव्हरंड पीटर डेनी यांचे. इंग्लंडच्या धर्मगुरूंत या छंदाची परंपराच आहे. थॉमस नावाच्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हेही त्यांतलेच. धर्मगुरूला चर्चकडून घर मिळते, पण ते घर त्याचे नसते. बदली झाली की सोडावे लागते. आपल्याकडच्या रेल्वे क्वार्टरसारखेच. डेनींनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘बकिंगहॅम’ नावाची काल्पनिक शाखा-रेल्वे बांधावयास घेतली ती पहिल्यापासून सुट्या होणाऱ्या फळ्यांवर. घर बदलले की रेल्वे बदलली. एका घरी एक स्थानक वाढले, दुसऱ्या घरी वळण पालटले. पण ती मोडली नाही. तीवर खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रक चाले, दोन सिग्नल केबिनींत घंटेच्या ठोक्यांनी निरोप जात. एका केबिनीत डेनी, दुसऱ्या केबिनीत त्यांचा मुलगा. मुलगा नेहमी हाताशी असेना, तेव्हा डेनींनी त्याच्या जागी काम करणारे यंत्र बनवले. ते यंत्र घंटा ऐके, वेळापत्रकाप्रमाणे उत्तराचे ठोके देई, गाडी घेई आणि गाडी सोडी. त्याला मुलाचेच नाव मिळाले: ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. मला या सगळ्या इतिहासात त्या यंत्राइतके हृद्य काही वाटत नाही. घरातली जागा म्हणजे केवळ भिंतींमधले अंतर नव्हे. मुलगा उठून गेला की तीही जागा रिकामी होते. डेनींच्या पश्चात ती रेल्वे दुसऱ्या एका छांदिष्टाने आपल्या घरी नेऊन चालू ठेवली. फळ्या सुट्या होत्या, म्हणून नेता आली.

जॉन अहर्न या आणखी एका इंग्रजाची ‘मॅडर व्हॅली’ ही रेल्वे १९६१ मध्ये त्याच्या निधनानंतर लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयाकडे गेली. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेचे जे संग्रहालय १९९८ मध्ये उघडले, तेही याच मार्गावरचे. घरात मावेना, तेव्हा घराबाहेर जागा करावयाची. पुष्कळ मराठी मुलांनी आपली पहिली छोटी रेल्वे तिथेच पाहिली आहे. लंडनमध्ये तर १९१० सालीच काही जणांनी मॉडेल रेल्वे क्लब काढला होता. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी मिळून एक खोली घ्यावयाची, हा हेतू त्यात नक्कीच असला पाहिजे. भजनी मंडळाला देऊळ लागते, तसेच हे.

तिसरा उपाय मला सर्वांत बुद्धीचा वाटतो. गाडी लहान करावयाची नाही, घर मोठे करावयाचे नाही, जगच कापून टाकावयाचे. सिरिल फ्रीझर हे ‘रेल्वे मॉडेलर’ या इंग्रजी मासिकाचे १९५० पासून १९७८ पर्यंत संपादक होते. युद्धोत्तर इंग्लंडमधल्या लहान घरांतल्या वाचकांसाठी त्यांनी शेकडो आराखडे काढले. त्यांतला १९५७ सालचा ‘मिनरीज’ नावाचा आराखडा विख्यात आहे: शहरातले एक गजबजलेले अखेरचे स्थानक, दोन फळ्यांवर, मध्ये बिजागरी, काम झाले की पेटीसारखे मिटावयाचे. स्थानकातून गाडी निघते, एका पुलाखाली शिरते आणि दिसेनाशी होते. पुलापलीकडे काय असते? काही रूळ, जिथे गाडी थांबून राहते आणि मालक हाताने तिची दिशा पालटतो. बस्स. ती जागा म्हणजे उरलेले सारे जग. मराठी रंगभूमीवर हे आपण नेहमीच करीत आलो आहोत. विंगेतून जासूद धावत येतो आणि पानिपतची बातमी सांगतो. रंगमंचावर कोणी पानिपत मांडीत नाही, आणि तरीही प्रेक्षागृह स्तब्ध होते. फ्रीझरने आगगाडीला विंग दिली.

त्या आराखड्यांबरोबर काही साधे नियमही रूढ झाले. माणसाचा हात अडीच-तीन फुटांपलीकडे नीट पोचत नाही. म्हणून भिंतीलगतची फळी त्याहून रुंद करू नये, नाहीतर कोपऱ्यात घसरलेला डबा उचलावयास डोंगरावर गुडघा टेकावा लागतो. अमेरिकेत पुष्कळांनी आठ बाय चार फुटांची मांडणी केली, ती केवळ प्लायवूडचा तक्ता त्या मापाचा मिळतो म्हणून. आणि मग त्या तक्त्याच्या तीन बाजूंनी फिरावयास सोडावी लागणारी जागा मोजली तर सबंध खोलीच गेलेली. त्यापेक्षा भिंतींना धरून अरुंद फळी फिरवावी आणि माणसाने मध्ये उभे राहावे, हे शहाणपण सावकाश आले. तिथे एकच शत्रू: दार. दारावरून फळी न्यावयाची तर उचलता येणारा पूल हवा, आणि तो पूल उघडा राहिला असताना गाडी यावयाची, ही भीती प्रत्येकाने अनुभवली आहे.

माझ्या हल्लीच्या बिऱ्हाडात दारावरून पूल नेण्याची परवानगी मिळाली नाही. ती मागताना आमच्या घरात जो संवाद झाला तो येथे सांगण्यासारखा नाही. शेवटी मी अ‍ॅलन राइट या इंग्रज गृहस्थाच्या एका युक्तीचा आश्रय घेतला. तिचे नाव ‘इंगलनुक’. एक फळी, दोन सांधे, तीन मार्ग. एका मार्गात मालाचे पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आणि पुढे इंजिन व तीन डबे मावतील एवढाच आखूड तुकडा. डबे एकूण आठ. आठ चिठ्ठ्या टोपीत टाकावयाच्या, पाच काढावयाच्या आणि ज्या क्रमाने त्या निघतील त्याच क्रमाने डबे जोडून गाडी उभी करावयाची. ऐकावयास पोरखेळ वाटतो. पण पाच डब्यांचे असे क्रम ६७२० होतात, म्हणजे रोज एक गाडी जोडली तरी अठरा वर्षे पुरतील. आणि तिसरा डबा पाचव्याच्या मागे न्यावयाचा तर आधी कोणता बाहेर काढावा, हे समजावयास कधी कधी अर्धा तास लागतो. भुसावळच्या यार्डात रात्रभर शंटिंगचे जे आवाज येत, त्यांचा अर्थ मला या फळीने साठी उलटल्यावर कळला.

नऊ मिलिमीटरच्या रुळांवर हा सगळा पसारा सव्वा मीटरच्या आत बसतो. फळी कपाटामागे उभी राहते. संध्याकाळी ती जेवणाच्या मेजावर येते, आणि ताटे घेण्यापूर्वी उचलली गेली पाहिजे, एवढीच अट आहे. काल चार डबे लागले होते आणि पाचवा अडकून बसला होता, तेव्हा स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “अहो, आवरताय ना? भात झालाय.” डबे होते तसेच फळीसकट उचलून ठेवले आहेत, ते आज लावीन.